वहींतलें आरमार

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं तरी मंडळी लगेच पांगत नाहींत. पानें उचललीं जातात, सुपारीचा डबा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो, आणि दिवसभराच्या गोष्टी निघतात. गेल्या महिन्यांत अशाच एका रात्रीं आमच्या निनादनें आपली वही सर्वांपुढें उघडून ठेवली. निनाद हा माझ्या पुतण्याचा मुलगा. वय वर्षें चवदा. इतर मुलांस क्रिकेटचे आकडे पाठ असतात, तसे त्याला युद्धनौकांचे पाठ आहेत. वहीच्या एका पानावर त्यानें मधोमध रेघ ओढली होती. डावीकडे चीनची ‘नानचांग’ ही विनाशिका: लांबी १८० मीटर, भार बारा ते तेरा हजार टन, क्षेपणास्त्रांचे कप्पे ११२. उजवीकडे आपली ‘विशाखापट्टणम्’: लांबी १६३ मीटर, भार सुमारें साडेसात हजार टन, कप्पे ४८. खालीं त्यानें तांबड्या शाईनें वजाबाकी करून ठेवली होती.

मुलाच्या हौसेचें आम्हीं कौतुक केलें. परंतु वहिनींनीं चष्मा लावून तें पान दोनदां वाचलें, आणि मजकडे वळून विचारलें, “भावजी, हें खरें का? त्यांचीं जहाजें आपल्याहून एवढीं मोठीं आहेत?”

हा प्रश्न सहज नव्हता. वहिनींची नात गार्गी यंदा अभियांत्रिकीची पदवी घेऊन नौदलाच्या निवडींत उत्तीर्ण झाली आहे, आणि लौकरच एळिमला येथील प्रबोधिनींत शिक्षणासाठीं जावयाची आहे. आमच्या कुळांत आजवर कारकून झाले, मास्तर झाले, दोघे डॉक्टर झाले. समुद्रावर कोणी गेलें नाहीं. मी स्वतः मुंबईच्या एका गोदींत आराखड्यांच्या कचेरींत एकतीस वर्षें काढलीं. पण माझीं जहाजें कागदावरचीं. म्हणून असल्या प्रश्नाचें उत्तर मींच द्यावें, अशी घरच्यांची समजूत आहे.

मीं हंसून म्हटलें, “वहिनी, कागदावरच्या आकड्यांना काय भ्यायचें!” सगळे हंसले. वहिनी हंसल्या नाहींत. त्यांनीं चष्मा काढून ठेवला आणि त्या उठून गेल्या.

त्या रात्रीं मला माझीच लाज वाटली. ज्यानें आयुष्यभर कागदावरच्या आकड्यांवर पोट भरलें, त्यानेंच त्यांची थट्टा करावी! विचारणाऱ्या बाईला धीर द्यावयाचा म्हणून मीं तिला लहान मुलासारखें वागविलें होतें. खरें उत्तर जें आहे, तें येथें लिहून काढीत आहें. आमच्याप्रमाणेंच ज्यांच्या घरचें मूल समुद्रावर आहे किंवा जाणार आहे, त्यांस तें उपयोगी पडेल अशी आशा आहे.

विनाशिका हें नांव ऐकण्यास भयंकर असलें, तरी तिचा जन्म रक्षणाकरितां झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं पाणतीर सोडणाऱ्या लहान होड्या मोठमोठ्या युद्धनौकांस बुडवूं लागतील असें भय उत्पन्न झालें. तेव्हां त्या होड्यांचा पाठलाग करून त्यांचा नाश करणारें वेगवान जहाज निघालें, तीच विनाशिका. पुढें शत्रु बदलला. आज विमान, पाणबुडी आणि दुरून येणारें क्षेपणास्त्र यांपासून स्वतःच्या ताफ्याचें व व्यापारी गलबतांचें रक्षण करणें हें तिचें मुख्य काम आहे. त्यासाठीं तिच्या माथ्यावर चारही दिशांस पाहणारें रडार असतें, आणि डेकाखालीं मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें उभे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यांत क्षेपणास्त्र भरलेलें. निनाद जे मोजतो ते हेच कप्पे.

आतां चीनकडे वळूं. १९५४ व १९५५ या दोन वर्षांत चीनला रशियाकडून चार विनाशिका मिळाल्या. त्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आराखड्याच्या, म्हणजे येतांनाच जुन्या होत्या. परंतु नव्या राज्याच्या आरमारांत त्यांच्याएवढें मोठें दुसरें कांहीं नव्हतें. त्यांपैकीं ‘आनशान’ ही आज चिंगदाओ बंदरांत संग्रहालय म्हणून उभी आहे. तिचा क्रमांक १०१ होता. निनादच्या वहींतील ‘नानचांग’चा क्रमांकही १०१ च आहे. हा योगायोग नसावा. घरांतल्या वडीलधाऱ्याचें नांव नातवाला ठेवावें, तशांतला हा प्रकार दिसतो.

स्वतः बांधलेली पहिली विनाशिका ‘चिनान’ १९७१ सालीं चीनच्या आरमारांत आली. तिच्या वर्गाच्या पुढें सतरा झाल्या. तथापि विमानांपासून स्वतःचा बचाव करण्याची त्यांची शक्ति फार तोकडी होती. १९९४ मध्यें आलेली ‘हार्बिन’ ही पहिली आधुनिक म्हणावी अशी. पण तिच्या पोटांतलीं वायुचक्रें अमेरिकेचीं होतीं आणि इतर सामानही ठिकठिकाणाहून जमविलेलें होतें. १९८९ च्या तिएनआनमेन चौकांतील हत्याकांडानंतर पाश्चात्यांनीं शस्त्रविक्रीचें दार लावून घेतलें, आणि त्या वाटेनें पुढें जाणें बंद झालें.

मार्च १९९६ मध्यें तैवानच्या निवडणुकीच्या तोंडावर चीननें त्या बेटाभोंवतालच्या समुद्रांत क्षेपणास्त्रें सोडलीं. अमेरिकेनें उत्तरादाखल विमानवाहू जहाजांचे दोन ताफे त्या बाजूस धाडले. चीनपाशीं त्यांना अडविण्यासारखें कांहीं नव्हतें. तो अपमान तेथील राज्यकर्त्यांनीं गिळला, परंतु विसरला नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं रशियाकडे दोन विनाशिकांची मागणी नोंदविली. त्यांतली ‘हांगचौ’ १९९९ च्या अखेरीस त्यांच्या हातीं आली. पुढें आणखी दोन घेतल्या. पण हें उसनें बळ झालें. स्वतःचें बळ त्यांनीं ज्या रीतीनें वाढविलें, ती रीत मला आराखड्याच्या मेजावर बसलेला मनुष्य म्हणून फार शिकण्यासारखी वाटते.

ती रीत अशी. एका नमुन्याचीं एक किंवा दोनच जहाजें बांधावयाचीं. तीं समुद्रावर नेऊन वापरावयाचीं. काय बिघडतें, काय कमी पडतें तें टिपून ठेवावयाचें. आणि मग पुढचा नमुना काढावयाचा. ‘शेनचेन’ एकच बांधली. ‘क्वांगचौ’च्या जोडीला दुसरी एकच. २००४ मध्यें ‘लानचौ’ आली, २००५ मध्यें तिची बहीण ‘हायकौ’. लांब पल्ल्याचीं विमानविरोधी क्षेपणास्त्रें उभ्या कप्प्यांत, आणि चौफेर पाहणारें रडार, कप्पे ४८. जग त्यांची तुलना अमेरिकेच्या जहाजांशीं करूं लागलें. परंतु चीननें लगेच वीस बांधावयास घेतल्या नाहींत. तिसरी बहीण २०१३ मध्यें दाखल झाली. म्हणजे मध्यें आठ वर्षें गेलीं. मग मात्र २०१४ मध्यें ६४ कप्प्यांची ‘कुन्मिंग’ आली, आणि त्या नमुन्याच्या एकामागून एक पंचवीसहून अधिक निघाल्या. शेवटीं शांघायच्या च्यांगनान गोदींत जून २०१७ मध्यें ‘नानचांग’ पाण्यांत उतरली. जानेवारी २०२० मध्यें ती आरमारांत आली, आणि २०२३ पर्यंत तशा आठ झाल्या. ३ जुलै २०१८ रोजीं तर दाल्यानच्या गोदींतून या वर्गाच्या दोन विनाशिका एकाच दिवशीं पाण्यांत सोडण्यांत आल्या. ज्यानें एक जहाज पाण्यांत सोडण्यापूर्वीची गोदींतली धांवपळ पाहिली आहे, त्यालाच या गोष्टीचा अर्थ कळेल.

पहिलें जहाज काय शिकवितें, हें मला एका फिटरनें शिकविलें. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षीं मीं एका नळाचा आराखडा काढला होता. कागदावर नळ, व्हॉल्व्ह, शेजारची लोखंडी भिंत, सर्व सुरेख बसलें. जहाजाच्या पोटांत तो नळ बसविल्यावर त्या वृद्ध गृहस्थानें मला खालीं बोलावलें आणि म्हटलें, “साहेब, आतां चाक फिरवून दाखवा.” व्हॉल्व्हचें चाक आणि भिंत यांमध्यें माझा पंजा शिरेना! मीं चाकाची जागा धरली होती, पण तें फिरविणाऱ्या हाताची धरली नव्हती. पुढच्या जहाजांत तो व्हॉल्व्ह वीतभर बाजूला सरला. अशा शेंकडों चुका पोटांत घालून एक चांगलें जहाज तयार होतें. चीननें आपल्या चुकांना अवकाश दिला, हेंच त्याच्या यशाचें मर्म आहे. शिवाय आज जगांतील व्यापारी जहाजांपैकीं टनांच्या हिशेबानें अर्ध्याहून अधिक त्याच्याच गोद्यांत तयार होतात. तेव्हां सांधणारे, कापणारे, पत्रे वळविणारे कुशल हात त्याला वाण नाहींत.

आतां निनादची वजाबाकी तपासूं. अमेरिकेच्या अर्ले बर्क वर्गाची पहिली विनाशिका १९९१ मध्यें आली. तिला ९० कप्पे, नंतरच्यांना ९६. आणि अशा सत्तरांहून अधिक तिच्यापाशीं आहेत. जपानच्या ‘माया’ला ९६. दक्षिण कोरियाच्या ‘सेजोंग’ला तर १२८, म्हणजे ‘नानचांग’हून सोळा जास्त. ब्रिटनच्या ‘डेअरिंग’ वर्गाच्या सहा विनाशिकांना प्रत्येकीं ४८. आपल्या ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम्’ या दोन्ही वर्गांत ३२ विमानविरोधी बराकचे आणि १६ ब्राह्मोसचे. युद्धनौकांच्या संख्येनें चीनचें आरमार आज जगांत सर्वांत मोठें आहे. एकंदर भारानें अमेरिकेचें. परंतु अमेरिकेला सातही समुद्र राखावयाचे असतात, आणि चीनचा बहुतेक ताफा आपल्या अंगणांतच असतो. म्हणून तैवानच्या बाजूला मोजणी केली तर पारडें वेगळें दिसतें.

येथवर वजाबाकी चालते. पुढें ती अडते. चीनचा कप्पा अमेरिकन कप्प्याहून रुंद आहे, त्यांत मोठें क्षेपणास्त्र मावतें. उलट अमेरिकन कप्प्यांत एका मोठ्याऐवजीं चार लहान भरतां येतात. आपला ब्राह्मोस ध्वनीच्या सुमारें तिप्पट वेगानें जातो. तेव्हां कप्प्यांतून कप्पे वजा करणें म्हणजे पायलींतून शेर वजा करण्यासारखें झालें. आधीं माप एक पाहिजे.

आणि यंत्राचें काय? ब्रिटनच्या त्या सहा विनाशिका कागदावर उत्कृष्ट होत्या. पण आखाताच्या उष्ण समुद्रांत त्यांचीं इंजिनें दगा देऊं लागलीं, आणि भर समुद्रांत जहाजांतली वीज जाण्याचे प्रसंग आले. अखेर त्यांच्या पोटांतलीं विजेचीं यंत्रें बदलण्याचें काम काढावें लागलें. चीननें वायुचक्रांची विद्या युक्रेनकडून घेऊन घरीं मुरविली. ‘नानचांग’ला तशीं चार वायुचक्रें आहेत. आपल्या ‘कोलकाता’चींही युक्रेनचींच आहेत. सरहद्दीवर एकमेकांकडे डोळे वटारून पाहणाऱ्या दोन देशांच्या जहाजांचीं हृदयें एकाच देशाच्या कारागिरींतून आलेलीं असावींत, आणि तो देश २०२२ पासून स्वतःच युद्धाच्या आगींत सांपडावा, हा काळाचा विचित्र खेळ आहे. चीन त्या विद्येंत स्वतःच्या पायांवर उभा राहिला. आपल्याला अद्याप उभें राहावयाचें आहे. ही उणीव कप्प्यांच्या वजाबाकीहून मला अधिक बोंचते.

परंतु या सर्वांहून मोठा धडा चीनच्याच इतिहासांत आहे. १८८५ सालीं जर्मनीहून ‘तिंगयुआन’ आणि ‘चनयुआन’ हीं दोन चिलखती जहाजें चीनमध्यें आलीं. पूर्व आशियांत त्यांच्या तोडीचें जहाज नव्हतें. जपानच्या एखाद्या निनादनें त्या वेळीं वही केली असती, तर तोही असाच हिरमुसला असता. पण १८८८ नंतर चीननें नवें मोठें जहाज घेतलें नाहीं. आरमाराच्या नांवाचा पैसा राजमातेच्या उन्हाळी राजवाड्याच्या बांधकामाकडे वळला. जपाननें जलद मारा करणाऱ्या तोफांचीं वेगवान जहाजें घेतलीं आणि माणसें घडविलीं. १७ सप्टेंबर १८९४ रोजीं यालू नदीच्या मुखाशीं दोन्ही आरमारांची गांठ पडली. त्या दोन जहाजांचें जाड चिलखत जपानी गोळ्यांनीं फुटलें नाहीं. तरी चीनचीं पांच जहाजें गेलीं, जपानचें एकही बुडालें नाहीं. चीनच्या मोठ्या तोफांना पुरेसे चांगले गोळेच नव्हते. पुढल्या फेब्रुवारींत वेहायवे बंदर पडलें, सेनापति तिंग रूछांग यानें विष घेतलें, ‘चनयुआन’ जपानच्या आरमारांत गेलें, आणि शिमोनोसेकीच्या तहानें वीस कोटी तैल खंडणी चीनच्या माथीं बसली.

चीनचे आजचे नाविक हा इतिहास विसरले असतील असें मला वाटत नाहीं. म्हणूनच त्यांच्या जहाजांना हंसणें हा मूर्खपणा होईल. डिसेंबर २००८ पासून त्यांच्या विनाशिका एडनच्या आखातांत आळीपाळीनें पहारा देत आल्या आहेत. घरापासून दूर महिनोन्महिने राहण्याची विद्या त्यांनीं तेथें मिळविली. मात्र खरी आग त्यांनीं पाहिलेली नाहीं. १९८८ मध्यें स्प्रॅटली बेटांपाशीं व्हिएतनामशीं झालेल्या झटापटीनंतर त्यांच्या आरमारानें समुद्रावर लढाई केलेली नाहीं. उलट १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं तांबड्या समुद्रांत अमेरिकेच्या ‘कार्नी’ या विनाशिकेनें येमेनहून सुटलेलीं क्षेपणास्त्रें व मानवरहित विमानें कित्येक तास पाडलीं, आणि पुढें वर्षभर तिच्या भगिनींना तेंच काम पुरलें. तेव्हां जगाला एक साधी गोष्ट ध्यानांत आली: कप्पे रिकामे झाले कीं ते भर समुद्रांत भरतां येत नाहींत, बंदर गांठावें लागतें. ऑक्टोबर २०२४ मध्यें अमेरिकेनें समुद्रावरच कप्पा भरून पाहण्याचा प्रयोग केला, तो याचमुळें. म्हणजे ११२ हा आंकडा पहिल्या दिवसाचा आहे. दुसऱ्या दिवशींचा आंकडा बंदरें, रसद आणि माणसें ठरवितात.

आपल्या माणसांविषयीं दोनच गोष्टी सांगतों. २०२४ च्या जानेवारींत एडनच्या आखातांत एका तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागली. तेव्हां ‘विशाखापट्टणम्’वरील दहा जणांची तुकडी त्या जळत्या जहाजावर चढली आणि आग विझविण्यास झटली. मार्चमध्यें ‘कोलकाता’नें ‘रुएन’ हें चांच्यांनीं पळविलेलें जहाज गांठलें. सतरा खलाशी जिवंत सोडविले, आणि पस्तीस चांचे पकडून मुंबईच्या पोलिसांच्या हवालीं केले. हीच ‘कोलकाता’ एप्रिल २०१९ मध्यें चिंगदाओच्या आरमारी संचलनास पाहुणी म्हणून गेली होती. त्याच दिवशीं चीननें ‘नानचांग’ जगाला प्रथम दाखविली. दोघींनीं एकमेकींस जवळून पाहिलें आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी तुळशीला पाणी घालून ओसरीवर आल्या, तेव्हां मीं त्यांस म्हटलें, “वहिनी, काल मीं तुमच्या प्रश्नाचें उत्तर टाळलें. त्यांचीं जहाजें मोठीं आहेत, संख्येनें पुष्कळ आहेत, आणि चांगलीं आहेत. आपलीं थोडीं आहेत. पण चांगलीं आहेत, आणि तीं चालविणारी माणसें कामाला उतरलेलीं आहेत. यांपैकीं कोणतीही गोष्ट दुसरीला खोटी ठरवीत नाहीं.”

त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “हें कालच सांगितलें असतें तर रात्रीं मला झोंप लागली असती. तुम्हीं हंसून टाळलेंत, तेव्हां मला वाटलें, सांगण्यासारखेंही कांहीं उरलें नसेल.”

गार्गी आंत सामानाची यादी करीत बसली होती, तिनें तें ऐकलें. बाहेर येऊन ती म्हणाली, “आजी, हे आंकडे मला मुलाखतीपूर्वींच ठाऊक होते. तरी गेलें.” वहिनींनीं तिच्याकडे पाहिलें, आणि यादींत गरम कपडे लिहिले आहेत का, असें विचारलें. एळिमला केरळांत आहे, तेथें थंडी नसते, असें सांगूनही त्यांनीं एक स्वेटर लिहावयास लावलाच.

निनादची वही माझ्याकडे आहे. त्यानें ती स्वतःच आणून दिली, आणि वजाबाकी खोडून तेथें काय लिहावें असें विचारलें. मीं त्याला सांगितलें कीं, ती खोडूं नकोस; आंकडे खरे आहेत. त्याखालीं यालूची तारीख लिही, आणि इंजिनें कोणाचीं तें लिही. पुढचें पान गार्गीताई सुटींत घरीं येईल तेव्हां तिला विचारून भर.